चिठ्ठ्यांखालचे आकडे

आईचा शिवणाचा दिवा सकाळी बंद पडला. दिवा ठणठणीत होता. गेला होता त्याचा अडॅप्टर. त्या दिव्याशिवाय आईला सुईचं नेढं दिसत नसे.

बाबांनी जुन्या अडॅप्टरांचा डबा काढला. प्रत्येकावर त्यांनी चिठ्ठी डकवली होती: ‘रेडिओ’, ‘थोरलीचा फोन’, ‘जुना पाळणा’. त्या विजेवरच्या पाळण्याच्या अडॅप्टरची पिन दिव्यात नेमकी बसली.

“थांबा बाबा!” वायरमनचं काम करणाऱ्या धाकट्या लेकीने त्यांचा हात धरला. “पिन बसली म्हणजे झालं का? दिवा बारा व्होल्टचा आहे. जास्तीचा लावलात तर दिवाच जळेल.”

“ते बारीक छापलेलं कुणाला दिसतंय गं? म्हणून तर चिठ्ठ्या लावल्या.”

“आणि नेमक्या आकड्यांवरच लावल्यात!”

लेकीने ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी सोडवली. पाळण्याच्या चिठ्ठीखाली चोवीस निघाले. बाबांनी तो बाजूला ठेवला. सातव्या चिठ्ठीखाली बारा दिसले, अँपिअरही पुरेसे होते. दिवा लागला.

“आता बाकीचे कुठले कशाचे, ते कसं कळायचं?” सुट्या झालेल्या ओल्या चिठ्ठ्या गोळा करत बाबांनी विचारलं.

आईने पहिल्याच खेपेला सुई ओवली. “माझा सापडला,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं देव बघून घेईल.”