रविवारी हातात पाना

दादाच्या घरात रविवारची तयारी शनिवारी दुपारीच सुरू व्हायची, आणि ती बघून कुणालाही वाटलं असतं की उद्या पूर येणार आहे. रविवार प्रभूचा, त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. म्हणून पाव कापून ठेवायचा, कारण सुरी चालवणं हे काम. बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायची, कारण झाकण पिळणं हे काम. नाडीचे बूट तर घरात कुणाचेच नव्हते, कारण गाठ मारणं म्हणजे कामाचा कहरच. शेवटी दुकानातल्या हत्यारांच्या पेटीवर दादा स्वतः पांढरी चादर पांघरायचा आणि मागे सरून मान झुकवायचा. "पेटीत गेलंय तरी कोण?" असं वहिनी एकदा म्हणाली होती. त्यानंतर दादा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. तो आठवडा फार सुखाचा गेला, असं ती अजून सांगते.

दुकान सोफे आणि खुर्च्या दुरुस्तीचं. घर त्याच्याच मागे, आणि रस्त्यावर जायला दुकानाचं एकच दार. कापड बेतणं आणि गिऱ्हाइकांना उपदेश करणं दादाकडे. स्प्रिंगा, पट्ट्या, नटबोल्ट धाकट्या भावाकडे. धाकट्याची चाळिशी उलटली होती, टाळू दिसायला लागला होता, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याने केस किती कापावेत, मोजे कुठले घालावेत, कुणाकडे चहा घ्यावा, हे सगळं दादा ठरवी आणि मग जाहीर करी, "आपण प्रार्थना करून ठरवलंय." त्या प्रार्थनेला धाकट्याला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

अशा या धाकट्याला बस चालवणारी एक बाई आवडली. तिच्या बसची सीट दुकानात दुरुस्तीला आली होती. धाकट्याने स्पंज बदलला, ती म्हणाली पाठ दुखते. पुन्हा बदलला, ती म्हणाली अजून दुखते. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा पाठ ठणठणीत होती, हे तिने नंतर कबूल केलं. बाई भाविक, त्यांच्याच चर्चच्या मंडळीतली, पण उपासनेला संध्याकाळी यायची, कारण रविवारी सकाळी तिची बसवरची पाळी असायची. रविवारी काम करणारी बाई! दादाने ऐकलं आणि विषय मिटवला.

"आपण प्रार्थना करून ठरवलंय. नाही."

धाकटा गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. महिन्यांमागून महिने गेले, तेव्हा बाईच म्हणाली, "या रविवारी शेवटची फेरी संपवून मी घरी जेवायला जाणार आहे. त्या फेरीची बस तुमच्या दारावरूनच जाते. चढा तिच्यात. नाही चढलात तर मी रागावणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही. मला नवरा हवाय, तुमच्या दादाची परवानगी नकोय."

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी नेमका तोच विषय काढला. ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, आता पुन्हा कुणाच्या जोखडाखाली मान देऊ नका, म्हणाले. दादा जोरजोरात मान डोलावत होता. प्रवचन शेजारच्या बाकासाठी असतं अशी त्याची पक्की समजूत होती. धाकट्याने हे शब्द लहानपणापासून ऐकले होते. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, अरे, हे तर मला सांगताहेत! आनंद व्हावा की भीती वाटावी हे त्याला कळेना.

वहिनी बायकांशी बोलत मागे राहिली. दोघे भाऊ घरी आले. धाकट्याने धुतलेला शर्ट घातला आणि एका दमात सांगून टाकलं, "दादा, मी बसवाल्या बाईंकडे जेवायला चाललोय."

दुरुस्तीला आलेली एक भलीमोठी आरामखुर्ची दादाने ओढत, ढकलत, घामाघूम होत दारात आडवी लावली आणि तिच्यात बसकण मारली. खुर्ची ओढणं हे काम नाही का, असं धाकट्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"आता जा," दादा म्हणाला, आणि ऐसपैस बसावं म्हणून त्याने बाजूचा दांडा खेचला.

दांडा ओढला की अंगावर येते, याच तक्रारीवरून खुर्ची दुकानात आली होती. कापड बेतणाऱ्याला ते कुठून माहीत असणार! पाठ धाडकन मागे पडली, पायाखालची फळी वर उसळली आणि परत आपटली, आणि दादाचा घोटा फळी आणि सांगाडा यांच्या मध्ये गच्च अडकला. एक बूट उडून कापडाच्या गठ्ठ्यावर पडला. दादा छताकडे बघत राहिला.

"दुखतंय का?" धाकट्याने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. आवाज मात्र तारेवर चालल्यासारखा येत होता.

"दोन नट सैल केले की सुटेल."

"उद्या."

इतक्यात बाहेरून वहिनीने दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि खुर्चीला लागून थांबलं. फटीतून तिचा एक डोळा दिसला. धाकट्याने तिला काय झालं ते सांगितलं. डोळा बराच वेळ दादावर खिळून राहिला.

"उद्यापर्यंत मी बाहेर उन्हात उभी राहू?" वहिनीने विचारलं. "अहो, शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही काढत नाही का, असं प्रभूनेच विचारलंय."

"बैल मुकं जनावर आहे," दादा छताला म्हणाला. "त्याला सोमवारपर्यंत थांब म्हणून सांगता येत नाही."

"तुम्हाला तरी कुठे काही सांगता येतं?"

धाकटा पेटीपाशी गेला. चादरीला हात लावताच मागून आवाज आला, "त्या पेटीला हात लावलास तर तू माझा भाऊ नाहीस!"

धाकट्याने हात मागे घेतला. आई गेल्यापासून याच माणसाने त्याला जेवू घातलं होतं, ताप आला की उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. तो रडायच्या बेतात होता. बस यायची वेळ होत आली होती. त्याने चादर उचलली, नीट घडी केली, पेटीतून पाना काढला आणि दादाच्या पायाशी गुडघे टेकले.

दादाला छताशिवाय काही दिसत नव्हतं. गुडघे टेकल्याचा आवाज ऐकून त्याला वाटलं, भाऊ वळणावर आला, प्रार्थना करतोय. त्याने समाधानाने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आमेन."

"थांब, अजून एक नट राहिलाय," धाकटा म्हणाला.

खट्ट झालं. फळी निखळली, पाय सुटला, आणि दादा पाठीसकट सरळ होऊन थेट धाकट्याच्या तोंडासमोर आला. ओरडेल असं वाटलं होतं. पण त्याचे डोळे भरले होते.

"आईला शब्द दिला होता रे मी," दादा म्हणाला. "तुला स्वर्गाच्या दारापर्यंत नीट नेऊन पोचवीन म्हणून. तू असा सुटलास तर तिला तोंड कसं दाखवू?"

इतकी वर्षं दादा रागीट आहे असं धाकट्याला वाटत होतं. तो घाबरलेला आहे हे त्याला आज दिसलं.

"दादा, मला तिथे पोचवायचं काम तुझं नाही. ते ज्याचं होतं त्याने केलंय. खिळे ठोकून घेतले त्याने हातापायांत. त्यावर तू आणखी कशाला ठोकत बसतोस?"

त्याने खुर्ची बाजूला ओढली. वहिनी आत आली, पदराने घाम पुसत म्हणाली, "चला. जेवायला आपल्या तिघांनाही बोलावलंय. मला कधीच सांगितलंय भावोजींनी. तुम्हाला सांगायची त्यांची छाती झाली नाही."

"मलाही?" दादाने विचारलं.

"तुलाही," धाकटा म्हणाला. "पण मी चाललो. यायचं की नाही ते तुझं तू ठरव."

कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला. धाकटा धावला, त्याच्यामागे वहिनी धावली. मागे वळून बघायचं नाही असं ठरवूनही धाकट्याने बघितलंच. दादा एका पायात बूट, दुसरा हातात, असा लंगडत येत होता.

बस निघाली. धाकटा पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि बाई समोरच्या आरशातून त्याच्याकडे बघून हसली. दादा मात्र बसायला तयार होईना. दांडीला लटकून तो रस्त्यावर डोळे वटारून उभा राहिला. समोर सायकल आली की याचा पाय खालची फळी दाबतोय, वळण आलं की दाबतोय, कोपऱ्यावर कुत्रं नुसतं उभं राहिलं तरी दाबतोय.

"दादा," बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तुम्ही बसा."

दादाने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग धाकट्याकडे बघितलं. धाकटा जरा सरकला, आणि दादा त्याच्या शेजारी बसला.