सातव्या प्रश्नाला एक

१. मी माझ्या कामावर समाधानी आहे.

पाच. बारकीने डोळे झाकून पाचाभोवती गोल काढला. परमुलखात आल्यापासून फॉर्म भरून भरून तिचा हात बसला होता, आणि सगळ्यात मोठा आकडा तो सगळ्यात चांगला, हे तिचं मत पक्कं होतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत चोवीस बायका होत्या, सगळ्या तिच्याच मुलखातल्या. सगळ्यांचं मत हेच.

४. मला इथे एकटं वाटतं.

पाच.

म्हणून तर फॉर्मवाली आठ दिवसांनी परत आली. परक्या मुलखात राबणाऱ्या बायका कामावर सुखी आहेत का, याचा ती अभ्यास करत होती. मुलगी आपल्याच भाषेतली, पण शिकून इतकी हळू बोलायची की मधे चादरीची एक घडी घालून व्हावी.

"ताई, समाधानी आहे, पाच. एकटं वाटतं, तेही पाच. यातलं खरं काय?"

"दोन्ही," बारकी म्हणाली.

फॉर्मवालीने पेनाला टोपण लावलं, परत काढलं. "पाच म्हणजे अगदी खरं, एक म्हणजे अजिबात नाही. सगळ्यांना नवे फॉर्म देते. कोणी काय लिहिलं ते कोणाला कळणार नाही. साहेबांना फक्त सगळ्यांचं मिळून काय ते सांगते. गेल्या वेळचा सातवा त्यांना फार आवडला. आता दर आठवड्याला जोड्या बदलू म्हणतायत."

पेढे वाटावेत तशी ती हे सांगत होती.

७. मी कोणाहीबरोबर तितक्याच आनंदाने काम करू शकते.

मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहतात, ताणतात, झटकतात, मग चालत चालत एकमेकींच्या जवळ येतात आणि कोपरे हातात देतात. दिवसातून चारशे वेळा. बारकीच्या समोरच्या टोकाला अक्का. चादर ताणली की डाग बघायचा आणि डागाची चादर बाजूला टाकायची, हेही त्यांचंच काम.

अक्काला डाग दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख तीन महिन्यांनी होती, आणि तोवर साहेबांना कळलं तर अक्का सरळ घरी.

"अक्का, उजव्या कोपऱ्यात जाऊबाई बसल्यात," बारकी म्हणायची.

"उठव तिला. बसून बसून अंग जड होईल तिचं."

चादर डागाच्या पिंपात जायची. साहेबांना भाषा कळत नव्हती. बाकीच्या बायकांना वाटत असेल, दोघी सासरच्यांची उणीदुणी काढतायत, असं बारकी धरून चालली होती.

५, ६, ८, ९.

हे प्रश्न जेवणाच्या सुट्टीत कोणी धड वाचलेच नाहीत. बारकी डबा न उघडता टेबलाटेबलांवरून फिरत होती.

"सातव्याला एक लिही गं."

"का म्हणून?" इस्त्रीवालीने विचारलं.

"मी भांडकुदळ आहे. उद्या तुझ्या वाट्याला आले तर डोकं खाईन तुझं."

"ते तू आत्ताही खातेयस." इस्त्रीवालीने घास गिळला. "अक्काच्या डोळ्यांसाठी ना?"

बारकीने चटकन अक्काच्या टेबलाकडे पाहिलं.

"अगं, एका बाईची जाऊ रोज तीस वेळा कोपऱ्यात बसते होय? आम्हाला कळत नाही वाटतं?" तिने एकाभोवती गोल काढला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. "ए, सातव्याला एक."

पेन पुढे सरकत गेलं. चार महिने बारकीने हे पोटात ठेवलं होतं.

७. (परत)

अक्काचा फॉर्म नेहमी बारकीच भरायची. तिने सातवा वाचून दाखवला.

"पाच," अक्का म्हणाली.

"नीट विचार करा."

"त्यात विचार कसला? मी काय तुझ्यासारखी भांडकुदळ आहे? कोणीही येऊ दे समोर. लिही पाच."

बारकीने पेन एकावर टेकवलं. अक्का तिच्याकडे बघत होती, म्हणजे तिच्या जरा डावीकडे.

"लिहिलंस?"

"लिहिते." तिने पेन उचललं आणि पाचाभोवती गोल काढला. तेवीस एकांमध्ये एक पाच खपून जाईल.

१०. आणखी काही सांगायचं असल्यास.

पंधरा दिवसांनी फळ्यावर कागद लागला. जोड्या आहेत तशाच राहतील.

"काय लिहिलंय?" अक्काने विचारलं. बारकीने सांगितलं.

"बघ!" अक्काने चादर झटकली. "मी पाच दिले म्हणून. एकीने तरी चांगलं वागावं लागतं."

"हो ना."

चादर ताणली गेली.

"अक्का, डावीकडे जाऊबाई."

"आज लवकर आली," अक्का म्हणाली. "उठव तिला."