इलिसोनीचा डावा पाय

मोठ्या दवाखान्यातली सिस्टर उनाईसी महिन्यातून एकदा बोटीने बेटावर यायची, आणि तिथल्या नर्स लितियाला त्या दिवसाची धास्ती वाटायची. नुसती तपासणी असती तर लितिया कुणाच्या बापाला भ्यायली नसती. पण ही बाई लिंबाच्या पानांचा चहा पीत गोड आवाजात म्हणायची, "या महिन्यात कुठला पेशंट मनात राहिला गं? वहीत लिही, मग दोघी बोलू."

मनात राहिला म्हणे! नर्सच्याच हातून नर्सच्या चुका लिहून घ्यायच्या आणि एक दिवस तीच वही वर दाखवायची, दुसरं काय? शेजारच्या बेटावरच्या नर्सची अशीच उचलबांगडी झाली, असं लितियाच्या कानावर होतं. अकरा वर्षं सांभाळलेला दवाखाना ती असा हातचा घालवणार नव्हती. म्हणून ती वहीत साळसूद गोष्टी लिहायची. लस टोचताना रडलेलं पोर, सुखरूप झालेलं बाळंतपण.

आज मात्र सिस्टरने वही बाजूला सारली आणि रजिस्टर ओढलं.

"हा इलिसोनी. साखरेचा पेशंट. चार महिने गोळ्या नेतोय, आणि पाय बघितल्याची एकदाही नोंद नाही?"

"गोळ्या न्यायला बायको येते. मेरेवाई."

"आणि तो?"

"बाहेर आंब्याखाली बसतो."

"बाहेर बसतो, आणि तू बघत नाहीस?"

आली बया मुद्द्यावर! "सिस्टर, सरळ सांगा ना, तक्रार कुणी केली? मेरेवाईने?"

"कुणी नाही गं. तो तुझा कोण लागतो?"

लितियाचं अवसान गळालं. "भाऊ. चुलत, पण आमच्यात तो सख्खाच." पुढचं उनाईसीला सांगायची गरज नव्हती. या बेटांवरचा रिवाजच तो, वयात आल्यावर बहीण-भावाने एकमेकांशी बोलायचं नसतं. तो पुढच्या दाराने आला की ही मागच्या दाराने बाहेर. "जीभच रेटत नाही हो! मेरेवाई म्हणाली, बोटाला फोड आलाय. मी मलम दिलं. पुढे ती बोलली नाही, मी विचारलं नाही. लिहा आता, आणि करा माझी बदली!"

उनाईसीने पेन उचललंच नाही. "चल त्याच्या घरी. पाय मी बघते, तू पडद्याआड थांब."

पुरावा गोळा करायला निघाली, असं मनात म्हणत लितिया मागोमाग गेली.

पडद्यापलीकडे उनाईसीने पट्टी सोडली आणि वास अलीकडे आला. मग ती बोटवाल्याला फोनवर ओरडली, "आत्ताच्या आत्ता! सुवाला, मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, पायाची दोन बोटं काळी पडलीत." फोन ठेवून ती इलिसोनीवर चिडली. "अरे बाबा, एवढं होईपर्यंत बोलला का नाहीस?"

"आमची लितिया एवढी शिकलेली," तो म्हणाला. "तिने काही विचारलं नाही. म्हटलं, विशेष काही नसणार."

वही, बदली, दवाखाना, सगळं तिच्या डोक्यातून उडालं. पडदा सारून ती आत आली आणि त्याच्या पायाशी बसली. मेरेवाईने तोंडावर हात धरला.

"दादा, किती दिवसांपासून दुखतंय?"

इलिसोनीने तोंड भिंतीकडे वळवलं. लितियाने त्याच्या पावलावर हात ठेवला.

"दुखत नाही गं," तो म्हणाला. "तू हात लावलायस का त्याला? मला कळत नाहीये."