पुरुषोत्तमची कानटोपी

"आजी, हा कविता ना, टोटली वीअर्ड आहे," पलंगावर पालथी पडलेली तनू म्हणाली. तिला शाळेतून चारशे वर्षांपूर्वीची कुठलीशी इंग्रजी प्रेमकविता दिली होती. "तो खोटा सांगतो, यू आर ब्यूटिफुल. ती खोटा सांगते, आय बिलीव्ह यू. दोघांना माहितीये. मग लव्ह कुठे आहे?"

"हा नव्हे गं, ही कविता," म्हणत सुनेत्राने पुरुषोत्तमचा शर्ट चॅरिटी शॉपला द्यायच्या पिशवीत कोंबला. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं, पण त्याच्या कपाटाला हात लावायचा तिला धीर होत नव्हता. म्हणून नात लंडनजवळच्या इल्फर्डहून मुद्दाम आली होती.

"तू आणि आजोबा असं करायचे?"

"आम्ही? आम्ही तर पक्के चोर."

नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात सुनेत्राने तीस वर्षं लोकांचे कान तपासले होते. नवऱ्याला कमी ऐकू येतंय हे तिला कळणार नाही तर कुणाला? एकदा लंच ब्रेकमध्ये तिने त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. पण हा पठ्ठ्या काचेतून तिच्या खांद्याकडे बघत होता. आवाज सोडायची कळ दाबताना तिचा खांदा हलायचा. खांदा हलला की बटण. कानाला यंत्र लावायची लाज वाटत होती बिचाऱ्याला. मग तिनेच खांदा जरा जास्त हलवला आणि "कान ठणठणीत आहेत हो तुमचे" असं सांगून मोकळी झाली.

"आणि आजोबा काय खोटा बोलले?"

"माझ्या गाण्याबद्दल. गळ्याच्या ऑपरेशनने माझा आवाज पार फाटला. तरी मी भांडी घासताना गुणगुणायची, आणि हे मागे टेबलाशी पेपर वाचत रोज म्हणायचे, आज सूर काय लागलाय, अगदी लग्नाआधीसारखा." सुनेत्रा हसली. "ऐकू येत नव्हतं, म्हणून कौतुक. गाढवापुढे वाचली गीता. पण बहिऱ्यापुढे गायला कसली लाज?"

हसली खरी, पण ते तिला लागायचं. जन्मभराच्या जोडीदाराचं कौतुक, आणि तेही न ऐकता केलेलं. तो गेल्यापासून ती गायली नव्हती. तो फाटका आवाज ऐकायला आता ती एकटीच उरली होती.

तनूला तीनच्या गाडीत बसवून सुनेत्रा घरी आली. दारामागे पुरुषोत्तमचा ओव्हरकोट तेवढा राहिला होता. खिसे तपासताना त्याची तपकिरी कानटोपी हाताला लागली. हीटिंग चालू असतानाही ही टोपी घालून तो स्वयंपाकघरात बसायचा. "कान गारठतात गं," म्हणायचा. ती त्याला वेडा म्हणायची.

टोपीच्या घडीत एक छोटी डबी होती. डबीत कानाचं यंत्र, बॅटऱ्यांचं पाकीट आणि पलीकडच्या गावातल्या क्लिनिकचं नोंदपुस्तक. यंत्राची नळी पिवळी, कडक झालेली. कानात बसणाऱ्या साच्यावर मळ. रोज वापरलेलं यंत्र तिला बघताक्षणी कळायचं. पुस्तकावर तारीख होती मार्च २००५. तिचं ऑपरेशन झालं त्याच्या सहा महिने आधीची.

सुनेत्रा स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या खुर्चीत बसली. तिने त्याला तपासणीत पास केलं होतं, मग आपण लबाडी केली हे तो सांगणार कसा? आणि कानटोपी काढली तर ती यंत्र ओळखणार. म्हणून तो टोपीत कान लपवून तिच्या पाठीमागे बसायचा. फाटलेला आवाज त्याने ऐकला होता. रोज, शेवटपर्यंत. सगळं ऐकून म्हणायचा, सूर लागलाय.

"लबाड कुठले," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. यंत्रात नवी बॅटरी घातली आणि ते मुठीत धरलं. यंत्राची बारीक शिट्टी वाजली. शिट्टी आली की यंत्र चालू आहे, असं ती पेशंटना सांगायची.

यंत्र बंद न करता तिने ते टेबलावर, कानटोपीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बेसिनपाशी उभी राहिली. धुवायला एकच कप होता. तिने नळ सोडला आणि हलकेच गाण्याची पहिली ओळ धरली.