कानबाईची उजवीकडची नथ

"उनी वं माय, कानबाई उनी!"

देवी आली, असं पुढच्या रांगेतली तानुबाई आमच्या अहिराणीत ओरडली आणि अभिमन भगताच्या लांबट, अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एकदम हात जोडले. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, पार आढ्याजवळ, देवीचा मुखवटा उमटला होता. पिवळा चेहरा, लाल मळवट, काळेभोर डोळे, हिरवा पदर. रंग असे की आमच्या दोंडाईच्याच्या बाजारातल्या एकाही साडीला ते जमायचे नाहीत. कडा मात्र जराशा पुसट. आणि मुखवटा एका जागी राहत नव्हता. हळूहळू, अगदी सावकाश, तो भिंतीवरून खाली येत होता. तासाभरात देवी आढ्यापासून कोनाड्यापर्यंत आणि कोनाड्यापासून बसलेल्या माणसांच्या डोक्यांपर्यंत उतरली. बायका रडत होत्या. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या.

बाहेरच्यांसाठी सांगते. कानबाई ही आम्हा खानदेशकरांची घरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिला बसवायचं, रात्र गाण्यांत जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. मीही बसवते. पण यंदा ती सोमवारी परत गेलीच नाही, आपल्याकडे मुक्कामाला राहिली, असं अभिमन भगताचं म्हणणं होतं. मग पावसाळाभर ती दिसली का नाही? तर म्हणे ढगात होती. दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं आणि देवी रोज सकाळी वेळेवर यायला लागली.

भगत भिंतीशेजारी उभा राहून मोरपिसाचा कुंचा हलवत होता. आवाज त्याला देवानं खरंच दिला होता.

"बठ्ठासनी भितकडे दखा! मांगे कोनी वयीसन दखानं नही! देवीले जो पाठ दावी, तेना डोया जाई! आनि नथ दखा माय, नथ! डावीकडनी नथ उजवीकडे गई. का बरं गई? माय रुसनी शे! तुम्ही देवीले सोडीसन डाक्टरकडे तोंड फिरायं, म्हनीसन देवीनी नथ फिराई! औषध टोपलीमा टाका, नारय ताटमा ठेवा!"

थोडक्यात, मागे वळून बघाल तर डोळे जातील, आणि देवी रुसली ती तुम्ही डॉक्टरकडे गेलात म्हणून. भिंतीच्या पायथ्याशी खरोखरच एक टोपली होती. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, खोकल्याची बाटली असा अख्खा दवाखाना पडला होता. त्यात माझ्या सासूबाईंची, म्हणजे मोतीबाईंची, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटलीही होती. म्हणून तर मी तिथे होते.

सासूबाईंना काचबिंदू आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं, "या आजारात समोरचं दिसत राहतं, बाजूचं हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं फक्त हे थेंब राखतात. रोज, न चुकता." आणि आईंनी ते थेंब देवीला देऊन टाकले होते. आम्ही दोंडाईच्यात राहतो, त्या गावी एकट्या. आम्हाला पत्ता लागला तो शेजारणीच्या फोनमुळे. ऐकलं आणि मी पहिली एसटी धरली.

तर मी मागच्या रांगेत बसून नथीकडे बघत होते, आणि मला हसू यायला लागलं. पदर तोंडात कोंबून मी ते कसंबसं आवरलं. त्याचं कारण माझा धंदा.

घरी पुढच्या खोलीत माझं कटिंग मशीन आहे. संगणकावर चित्र काढायचं, मशीनच्या बारीक पात्यानं ते काळ्या चिकट कागदावर कापून घ्यायचं, पारदर्शक शीटवर चिकटवायचं आणि मधल्या जागांत रंगीत जिलेटिन भरायचं. झाला सनकॅचर. खिडकीत लावा, ऊन आलं की घरभर रंग. सुरुवातीला जळगावच्या एका बाईंना त्यांच्या नातवाच्या नावाचा करून दिला होता. चारच दिवसांत त्यांचा फोन आला, "ताई, खिडकीत नाव बरोबर दिसतं हो, पण भिंतीवर उलटं पडतं!" बरोबरच होतं. खिडकीकडे तोंड केलं की जे उजव्या हाताला असतं, ते भिंतीकडे वळलं की डाव्या हाताला जातं. भिंतीवर सुलट हवं असेल तर आधी आरशातल्यासारखं उलटं कापावं लागतं. तेव्हापासून पातं चालवायच्या आधी मी हे तपासतेच.

म्हणजे कानबाई रुसली नव्हती. कापणारा चुकला होता.

पदर सावरायचं निमित्त करून मी वळले. माझे डोळे गेले नाहीत, उलट चांगले उघडले. पूर्वेच्या भिंतीत, वर, काचेचा लहानसा झरोका होता. त्यातून ऊन असं घुसत होतं की एखाद्यानं चुकून पाहिलंच असतं तरी दिपून मान फिरवली असती. डोळे बारीक करून पाहिलं तर काचेवर वीतभराहून थोडी मोठी कानबाई बसली होती. नथ डावीकडेच, जिथे हवी तिथे.

तिथल्या तिथे ओरडले असते, तर शहरातली शिकलेली सून म्हणून लोकांनी मला हाकललं असतं. मी इतरांसारखाच नमस्कार करून उठले. दुपारी आईंच्या घरी विषय काढला.

"आई, थेंब सुरू करा परत. मी नवी बाटली आणली आहे. ती जुनी उघडून बरेच दिवस झाले, तशीही आता चालणार नाही."

"नही बाई." आई ताट घेऊन चुलीकडे निघाल्या आणि खांद्यानं दाराच्या चौकटीला थाडकन आपटल्या. ताट पडलं. त्या हसल्या, "हाई चौकट मांगला महिनामा आठे नव्हती."

मला हसू येईना. "आई, तुम्हाला बाजूचं दिसत नाहीये."

"देवी बरं करी. तिनी नथ सरळ व्हयनी का रुसवा गया समज. मंग मी थेंब बी टाकसू. आते टाकसू तं माय आखो रुसी."

संध्याकाळी माझा नवरा प्रकाश आला. तो शाळेत मास्तर. सगळं ऐकून त्याची ट्यूब लगेच पेटली.

"भगताचा भाचा जीवराम! त्याचं रेडियमचं दुकान आहे ना. गाड्यांवर 'कानबाई प्रसन्न' तोच चिकटवतो. कापायचं मशीन त्याच्याकडेच."

"आणि गाडीवरचं स्टिकर कधी उलटं कापावं लागत नाही," मी म्हटलं. "म्हणून इथे फसला. आणि मामा असा हुशार, की भाच्याच्या चुकीचाही प्रसाद करून वाटला."

प्रकाशनं आईच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "हेमा, एक सोपा उपाय सांगू? तूच एक कानबाई काप. नथ बरोबर आणि हातात थेंबांची बाटली. आईच्या खिडकीला लावू. सकाळी देवी स्वतः औषध घेऊन येईल. आई मुकाट्यानं थेंब घालेल."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. एका रात्रीचं काम होतं, आणि आईंचे डोळे वाचले असते. पण मग मनात आलं, परवा जीवराम दुसरी देवी कापेल, तिच्या हातात दुसरंच काही असेल. मग आई कुणाचं ऐकणार? ज्याचं मशीन चांगलं त्याचं?

"नाही," मी म्हटलं. "आईंना फसवून बरं करायचं नाही. त्यांना दाखवायचं. तुला उद्या भगताच्या घरामागच्या गोठ्याच्या पत्र्यावर चढता येईल का?"

"माझं वय काय, वजन काय!"

"म्हणूनच विचारते. पत्रा टिकेल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली पुन्हा भरली. देवी आली, तानुबाई ओरडली, भगतानं कुंचा उचलला. गावातले थोरले, फत्तेसिंगनाना, मानाच्या जागी पुढे बसले होते. मी आईंच्या शेजारी. भगत नथीपर्यंत आला, "माय रुसनी शे..." आणि मी जोरात खोकले.

भिंतीवर देवीच्या कपाळापाशी एक सावली आली. मग ती पसरली आणि तिची पाच बोटं झाली. बोटांनी देवीचं नाक खाजवलं.

पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. बोटांनी मग देवीचे दोन्ही डोळे झाकले, उघडले, पुन्हा झाकले. शेवटी त्यांनी जमलेल्या सगळ्यांना टाटा केला.

"हाई काय शे?" फत्तेसिंगनाना उठले.

"भूत!" भगत किंचाळला. "कोनी वयू नका! डोया जाई!"

"नाना," मी म्हटलं, "मी काल वळून बघितलं. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. तुम्हीही बघा."

नाना जुने पैलवान. भुताला घाबरायचं त्यांना माहीत नव्हतं. ते वळले, आणि त्यांच्यामागून एकेक करत सगळी खोली वळली. झरोक्यात रंगीबेरंगी कानबाई, आणि तिच्यामागे काचेला नाक लावून आत डोकावणारा माझा नवरा. चष्म्यासकट. पहिल्यांदा हसली ती तानुबाई.

"अरे, हाऊ तं मोतीबाईना परकाश! गुरुजी, तठे काय करी ऱ्हायनात?"

"देवीला नमस्कार करतोय, तानुअक्का!" काचेपलीकडून दबका आवाज आला. "लवकर आटपा, पत्रा वाकतोय!"

भगतानं रंग बदलला. "मंग काय व्हयनं? पूजासाठे मीच लायेल शे ती तसबीर! तसबीर लावानी बंदी शे का?"

"तसबीर लाव ना, रोज लाव," नाना म्हणाले. "मंग आम्हले मांगे दखू का नही दिनं रे, अभिमन?"

भगतानं झरोक्याकडे पाठ फिरवली. तो कुंचा हलवत राहिला.

प्रकाश काचेपासून बाजूला झाला आणि मी स्टुलावर चढून काचेवरचं शीट अलगद सोडवलं. त्याच क्षणी भिंतीवरची देवी गेली आणि तिथे नुसतं चौकोनी ऊन उरलं. कुणीतरी "अरे माय" म्हणालं. मला जरा वाईटही वाटलं. लोकांनी मनापासून हात जोडले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

सगळे अंगणात आले. समोर नव्यानं चुना दिलेली भिंत होती. मी शीट आईंच्या हातात दिलं आणि त्यांना उन्हाकडे पाठ करून उभं केलं.

"धरा आई. असं, खांद्याशेजारी."

भिंतीवर कानबाई उमटली. आईंनी शीट जरा हलवलं, तशी भिंतीवरची देवीही हलली. आईंनी हात वर केला, देवी वर गेली. खाली केला, खाली आली.

"सूर्य वर चढतो, तसा उन्हाचा कवडसा भिंतीवर खाली येतो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "रोज तुमच्या घरच्या खिडकीतूनही येतो. भगतानं त्या कवडशात चित्र बसवलं, एवढंच. हे चित्र मशीनवर कापलेलं आहे, वर रंगीत जिलेटिन. असली मी रोज करते. माझ्या घरी या, मी तुमच्यासमोर कापून दाखवते."

आईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या एकटक भिंतीकडे बघत होत्या.

"नथ अजून उजवीकडेच शे," त्या हळूच म्हणाल्या.

"शीट फिरवून धरा, आई. मागची बाजू पुढे."

त्यांनी शीट फिरवलं. भिंतीवर देवीची नथ डावीकडे आली.

आईंनी ते पुन्हा फिरवलं. उजवीकडे. पुन्हा फिरवलं. डावीकडे. नाना जवळ येऊन बघू लागले. मग त्या भगताकडे वळल्या. गावात कधी कुणाला चढ्या आवाजात न बोललेली माझी सासू. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही.

"अभिमन, मना हातमा रुसस, मना हातमा हासस, ती देवी नही रे. मनी कानबाई तं कवयच नदीवर गई. तुनी कागदनी देवीनी धाक दी, आनि मी मना डोया टोपलीमा टाकी दिनात."

त्या आत गेल्या, टोपलीत हात घालून आपली बाटली शोधून काढली आणि माझ्या हातात ठेवली. त्यांच्या मागोमाग बाकीचे गेले. तानुबाई आपल्या साखरेच्या गोळ्या शोधताना दुसऱ्याच कुणाच्या घेऊन निघाली होती, तिला मी दारातच अडवलं. बघता बघता टोपली रिकामी झाली. नाना भगताला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. जादूटोण्याच्या नावावर लोकांची औषधं बंद पाडणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे त्यांना प्रकाशनं पत्र्यावरून उतरता उतरताच सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात आईंना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि खरं ते सांगितलं. मधल्या काळात डाव्या डोळ्याची कड आणखी गेली होती. ती आता येणार नाही. उजवा डोळा वाचला. आईंनी थेंबांच्या वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. परतताना एसटीत त्यांनी मला खिडकीजवळ बसू दिलं नाही, स्वतः बसल्या आणि सारा रस्ता बाहेर बघत राहिल्या.

देवीवर कुणाची श्रद्धा असेल तर असू द्या, माझीही आहे. पण कुणी तुम्हाला औषध टाकायला सांगितलं, विचारू नका म्हटलं, मागे बघू नका म्हटलं, तर आधी वळा आणि ऊन कुठून येतंय ते बघा. खऱ्या गोष्टीला कुणी वळून पाहिल्याची भीती नसते.

आई आता आमच्याकडेच राहतात. पूर्वेच्या खिडकीला मी त्यांना एक सनकॅचर करून दिला आहे, त्यांनीच सांगितलेल्या चित्राचा. साधं, चार पानांचं कापसाचं झाड आणि एक फुटलेलं बोंड. सकाळी तो कवडसा भिंतीवर आला की त्या पलंगावर आडव्या होतात, पापणी ओढून धरतात आणि मला हाक मारतात, "हेमा, ऊन उनं वं. थेंब टाक."