चीनचा कोडगा शेतकरी

ईरप्पाआण्णांना इंग्रजी येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. बियाण्याच्या पाकिटावर जेवढं असतं तेवढं त्यांना घडाघडा वाचता यायचं. म्हणून तर दोन हजार सहा साली त्यांनी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या नेट कॅफेत 'चायनीज कल्टिव्हेशन' शोधायला सांगितलं, आणि आलेली तीनशे पानं छापून घेऊन ते थेट प्रमोदिनीच्या दारात उभे राहिले. आण्णांचं जयसिंगपुरात बियाण्याचं दुकान होतं आणि हौसेपोटी ते 'नांगरट' नावाचं शेतीचं पाक्षिक काढत.

"बाई, चिनी शेतीचं पुस्तक हाय. मराठीत करून द्या, दर अंकाला दोन पानं. खाली तुमचं नाव टाकतो की."

बाकीचं तिच्या कानावरून गेलं, नाव तेवढं आत शिरलं. प्रमोदिनी इंग्रजीची एम. ए. तिनं लिहिलेली दोन गाईडं बाजारात होती आणि दोन्हींवर नाव दुसऱ्याच प्राध्यापकाचं. तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. मिसळीवर जादा कट, म्हणजे झणझणीत रस्सा, मागायला लाजणारी बाई ती, आणि तीही कोल्हापुरात! अशा बाईकडून गाईडं लिहून घेणार नाहीत तर काय करतील?

पहिला हप्ता तिनं गडबडीत उरकला. 'वेई पाओनं डोंगरावर सात वर्षं शेती केली, तरी हाती काही लागलं नाही.' हा वेई पाओ पक्का कोडगा होता. गुरूच्या वाफ्यातली औषधी मुळी चोरायचा, सापडला की गुरूचे पाय धरायचा, आणि पाय धरता धरता गुरूच्या कमरेची थैली सोडवायचा. प्रमोदिनीला असली माणसं मुळीच पसंत नव्हती. तरी रोज दुपारी भांडी घासायच्या आधी ती त्याचं एखादं पान वाचायचीच.

अंक आला. शेवटी अगदी खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'अनुवाद : प्रमोदिनी देशिंगकर'. तिनं तो नणंदेला दाखवला आणि नणंदेनं सबंध गल्लीला. त्या रात्री तिला झोप म्हणून लागली नाही, इतका आनंद झाला.

घात झाला तिसऱ्या हप्त्याला. वेई पाओ तलवारीवर उभा राहिला आणि उडाला.

प्रमोदिनीनं वाक्य पुन्हा वाचलं. मागची पानं चाळली. कल्टिव्हेशन म्हणजे इथे शेती नव्हतीच मुळी, साधना होती. ही मंडळी डोंगरावर भात लावत नव्हती, अमर व्हायला बसली होती. आण्णांना सांगावं तर लेखमाला बंद आणि नाव गेलं. न सांगावं तर शेतकऱ्यांची धडधडीत फसवणूक. तिनं उठून सगळी भांडी घासली. मग तिनं लिहिलं, 'वेई पाओ फवारणीला निघाला.'

त्यानंतर हात असा सैल सुटला की विचारू नका. आकाशातून कोसळणाऱ्या विजांचा वळीव झाला. साधनेनं पोटात तयार झालेल्या सोन्याच्या गोळ्याची गुळाची ढेप झाली. एकोणपन्नास दिवस गुहेत श्वास कोंडून बसलेल्या वेई पाओनं मराठीत एकोणपन्नास दिवस रान न पेरता पड ठेवलं. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि खोटं कशाला बोला, मजाही यायची.

उन्हाळ्यात आण्णांनी जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात वाचकांचा मेळावा ठेवला. दीडशे शेतकरी आले. "चिनी शेतीवर तुम्हीच बोला बाई," आण्णा म्हणाले. पहिल्याच रांगेत बसव्वा नावाची साठीची शेतकरीण 'नांगरट'चे सगळे अंक मांडीवर घेऊन बसली होती. प्रमोदिनीची नजर त्या गठ्ठ्यावरून हटेना. हिनं खरंच रान पड ठेवलं असेल तर?

ती माईकपाशी गेली.

"मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "ही शेती नाही. चीनची जादूची कादंबरी आहे. पहिल्यांदा चुकून झालं, नंतर मी नाव छापून यावं म्हणून जाणूनबुजून खोटं लिहिलं. यातलं काही रानात करू नका."

आण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. मग बसव्वा उठली.

"ते तिसऱ्या अंकातच कळलं की आमाला. डोंगराच्या टोकावर, पाण्याचा पत्ता न्हाय, आन् म्हणं फवारणी. रानात काय करायचं ते आमचं आमाला कळतंय बाई. त्यो मुडदा खरं कुठं गेलता ते सांगा."

"तलवारीवर उभा राहून उडाला."

"उडाला?" आता मात्र बसव्वा चिडली. "आन् उडायचं गाळून तुम्ही आमाला फवारणी दिलीसा व्हय? फसवलंसा म्हणायचं ते ह्याला."

"आन् गुळाचं काय हुतं?" मागून कुणीतरी ओरडलं. प्रमोदिनीनं गुळाचं सांगितलं, वळवाचं सांगितलं, पड रानाचं सांगितलं. गाळलेलं सगळं सांगता सांगता दीड तास गेला आणि जेवणाला केलेली मिसळ पार थंड झाली, तरी एक माणूस उठला नाही.

जेवताना आण्णा शेजारी येऊन बसले. "गोष्ट म्हणून छापू फुडं, लोकांना पायजेच हाय. पर तुमचं नाव आता नगं बाई. लई हसं झालं माझं."

एरवी ती 'बरं' म्हणाली असती. आज मात्र पुढे गेलेल्या वाढप्याला हाक मारून तिनं आधी जादा कट मागून घेतला.

"नाव वर घ्या आण्णा," ती म्हणाली. "शीर्षकाखाली, ठळक अक्षरात. खाली कोपऱ्यात दिसत नाही."

आण्णांनी हातातला पाव खाली ठेवला. "बाई, लाज म्हणून काय हाय का न्हाय तुमाला?"

"होती की," प्रमोदिनी पाव बुडवत म्हणाली, "तिसऱ्या अंकापर्यंत होती."