कूलरखालून गिटारीखाली

मित्रांनो, मी शिलाई मशीनचं एक जुनं पायडल आहे. ओतीव लोखंडाचं, जाळीदार, दोन्ही पावलं मावतील एवढं. माझा जन्म भट्टीत झाला, पण मला अक्कल आली ती सरिताच्या पायाखाली.

सरिता लकडगंजच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवते. बावीस वर्षं तिनं मला हलवलं. टाच, चवडा, टाच, चवडा. चौदा एप्रिलच्या आधी पांढऱ्या कपड्यांचे ढीग पडत, तेव्हा मला थंड व्हायलाही फुरसत नसे. बायका ब्लाउजचं कौतुक करत, कधीमधी सरिताचंही करत. पायडलाचं कोणी केलं नाही. मग मशीनला मोटर बसली आणि मला कूलरच्या आखूड पायाखाली सारलं गेलं. वरून पाणी टपकायचं, अंगावर गंज चढायचा. मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, अजूनही येतो.

सरिताला शिलाईखेरीज आणखी एक विद्या येत होती. तिचे वडील बळीराम ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ही गिटार चौकटीवर आडवी ठेवतात आणि तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवतात. त्यांच्यामागे ती गिटार आणि ऑर्केस्ट्रातली खुर्ची, दोन्ही सरिताकडे आली.

गेल्या हिवाळ्यात ऑर्केस्ट्राच्या मालकानं, अंकुशनं, एका लग्नाच्या रिसेप्शनचं काम घेतलं. नवरी हर्षा. तिला एक अमेरिकन कंट्री गाणं हवं होतं आणि त्यातला पेडल स्टील गिटारीचा तुकडा अगदी हुबेहूब.

"तो तुकडा रोहित कीबोर्डवर काढते, ताई," अंकुश म्हणाला. "एक बटन दाबलं का झालं. तुमी आता आराम करा."

आराम करा म्हणजे खुर्ची सोडा. सरिता शिवणारी बाई, कात्री कुठं चालली आहे ते तिला बरोबर कळलं.

"रविवारच्या तालमीपर्यंत थांब. नाही जमलं त मीच खुर्ची रिकामी करून देईन."

तिनं मोबाइलवर गाणं निम्म्या वेगानं लावलं आणि एकेक सूर ब्लाउजच्या कागदी फर्म्यावर लिहून काढला. सगळं बसलं, एक जागा सोडून. तिथं दोन तारा एकत्र वाजतात. एक जागच्या जागी राहते, दुसरी वर चढते. कांडी सरकवावी तर दोन्ही चढतात!

तिचा नवरा धम्मदीप स्कूटर दुरुस्त करतो. तो म्हणाला, "थोडंसं इकडंतिकडं झालं त कोणाले समजते वं?"

"मले समजते न!"

मित्रांनो, 'कोणाले समजते' या दोन शब्दांपायी अर्ध्या शहराचे रस्ते उखडले आहेत आणि अर्ध्या शहराच्या शिलाया उसवल्या आहेत.

"मंग त्या गाण्यातला माणूस काय करते?" धम्मदीपनं विचारलं.

"पायानं तार ओढते. त्याच्या गिटारीले पायडल असते."

धम्मदीपनं खोलीभर नजर फिरवली. दुसऱ्या मिनिटाला कूलर कलंडला आणि मला उजेड दिसला. त्यानं मला रॉकेलनं घासलं, तेल दिलं, गिटारीच्या चौकटीखाली बसवलं. स्कूटरच्या क्लचची वायर माझ्यापासून थेट त्या एका तारेपर्यंत नेली. तार नेमक्या सुरावर थांबावी म्हणून खाली नट लावला.

आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. सरिताचा पाय माझ्यावर पडला नि बावीस वर्षांची सवय जागी झाली. टाच, चवडा, टाच, चवडा! तार नुसती कण्हायला लागली.

"काय वं, गाण्याले फॉल-पिको करून राहिली का?" धम्मदीप हसून हसून बेजार.

चूक माझीही होती. इतक्या वर्षांनी तो पाय भेटला होता, मला थांबवत नव्हतं.

तीन दिवस असेच गेले. शनिवारी दुपारी सरितानं वैतागून गिटार सोडली आणि चौकोनी गळ्याचा ब्लाउज शिवायला घेतला. गळ्याच्या कोपऱ्यावर आली. सुई कापडात रुतवली, मोटरच्या खटक्यावरचा पाय थांबवला, कापड वळवलं. आणि तशीच बसून राहिली.

"अजी, ऐका न!" ती ओरडली. "कोपरा हाये हा! कोपऱ्यावर पाय हालवत नसतात!"

ब्लाउज अर्धा टाकून ती माझ्याकडे धावली. चवडा एकदाच खाली दाबला आणि तसाच रुतवून ठेवला. एक तार जागेवर राहिली. दुसरी चढली, आपल्या सुरावर पोचली आणि उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तो कोपरा आम्ही चाळीसदा वळलो.

रविवारी रोहितचं बोट बटनावर तयार होतं. सरितानं तो तुकडा पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवला. रोहितनं हात मागं घेतला. "दादा, हे माह्या बटनात नाही हाये."

अंकुश डोकं खाजवत म्हणाला, "ताई, खुर्चीले गादी लागन का?"

रिसेप्शनला तर हर्षा पाहुण्यांची रांग तशीच सोडून शालूसकट आमच्यापाशी आली. गिटारीकडे न बघता वाकून माझ्याकडे बघू लागली. "हे काय हाये, काकू?"

"माह्या मशीनचं पायडल," सरिता म्हणाली. "यानंच वाजवलं."

बावीस वर्षं आणि वर कूलरखालचे सात उन्हाळे, तेव्हा कुठं हे ऐकायला मिळालं.

कूलरखाली आता वीट आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असं कशाखाली तरी दबलेलं असेल. वाकून बघा, गंज काढा, दोन थेंब तेल द्या. आणि काम करताना कोणी म्हणालं, 'कोणाले समजते?', तर मान वर करून सांगा, "मले!"